पिवळा दिवा आणि कांबळेकाकांची डबी

काही घरांत जुने पेपर साठतात, काही घरांत प्लास्टिकचे डबे. आमच्याकडे गाड्यांच्या गोष्टी साठल्या. साठवायच्या म्हणून कुणी साठवल्या नाहीत. रविवारी सकाळी बिल्डिंगमागच्या मोकळ्या जागेत कुणाचं तरी बॉनेट उघडलेलं असतं, नवीन माणूस येऊन विचारतो, "काय चाललंय?" त्याला एक गोष्ट सांगायला घ्यावी, तर ती संपायच्या आत दुसरी तोंडात आलेली असते.

मी साळवी. अंबरनाथला शिवमंदिर रोडला राहतो, एमआयडीसीतल्या एका केमिकल कंपनीत लॅबमध्ये आहे. स्वभाव असा की घरात कुठे नळ ठिबकत असला तर मी जेवणावरून उठतो. अशा माणसाच्या नऊ वर्षं जुन्या गाडीत, डॅशबोर्डवर एक दिवस इंजिनाच्या आकाराचा पिवळा दिवा लागला. सगळं तिथून सुरू झालं.

*

दिवा लागला, पण गाडी नीट चालत होती. हेच जास्त वाईट. बंद पडली असती तर निदान कळलं असतं. ऑफिसला जाताना रस्त्याकडे कमी आणि त्या दिव्याकडे जास्त बघायचो. गॅरेजवाल्याने एक सेन्सर बदलला, दिवा गेला. चौथ्या दिवशी परत आला.

कुणीतरी कांबळेकाकांचं नाव सांगितलं. काका सरकारी कारखान्यात फिटर होते, नुकतेच रिटायर झालेले, बुवापाड्यात राहायचे. स्कूटरवरून आले. खिशातून काडेपेटीएवढी एक डबी काढली, स्टेअरिंगखाली गुडघ्याजवळ एक सॉकेट असतो त्यात खोचली, आणि मोबाईल उघडला.

"ही काय करते?" मी विचारलं.

"गाडीच्या कॉम्प्युटरला जे माहीत आहे ते आपल्याला सांगते. आपल्याला आजवर कुणी सांगितलं नव्हतं, एवढंच."

मोबाईलवर एक कोड आला. अर्थ असा, की इंजिनात पेट्रोलच्या मानाने हवा जास्त जातेय. काकांनी इंजिन चालू ठेवलं आणि बोटाएवढ्या जाडीच्या रबरी नळ्या एकेक चिमटीत धरत गेले. तिसरी नळी धरली तसा मोबाईलवरचा एक आकडा झरझर खाली आला. सोडली, वर गेला. नळीला मागच्या बाजूने चीर होती. तिथून इंजिन हवा ओढत होतं.

"मग त्याने सेन्सर का बदलला?" मी म्हणालो.

काका हात पुसत म्हणाले, "सेन्सर बिचारा खरं सांगत होता. त्यालाच काढून टाकला."

*

पुढच्याच आठवड्यात मी माझी स्वतःची डबी घेतली. ही चूक होती असं माझी बायको, अंजली, अजून म्हणते.

तोवर मला गाडीतलं एक तापमान माहीत होतं, काट्याचं. काटा मधोमध असायचा आणि मी सुखी असायचो. आता मोबाईलवर इंजिनाचं तापमान अंशाअंशाने दिसायला लागलं. मेहुणीकडे बदलापूरला निघालो होतो. मोबाईल अंजलीच्या हातात दिला आणि तिला आकडे वाचायला बसवलं.

"किती?"

"एक्क्याण्णव."

थोडं पुढे गेल्यावर, "आता?"

"ब्याण्णव."

"आणि आता?"

"चौऱ्याण्णव."

मी गाडी बाजूला घेतली. बॉनेट उघडलं, बघितलं, काही कळलं नाही, बंद केलं. परत निघालो. एवढ्याशा रस्त्यात मी चार वेळा थांबलो. चौथ्या वेळी बॉनेट बंद करून आत बसलो तर अंजलीने मोबाईल पर्समध्ये टाकून चेन लावली होती.

"गाडीला ताप नाहीये," ती म्हणाली. "तुम्हाला आहे."

नंतर काकांना विचारलं. ते म्हणाले, तेवढं तापमान हवंच, अजून थोडं वर गेलं की पंखा आपोआप लागतो. मी म्हटलं, पंखा लागला नाही तर? काकांनी स्कूटरला किक मारली.

*

ह्या डब्या ब्लूटूथवर चालतात आणि स्वस्तातल्या सगळ्या डब्यांचं नाव एकच असतं. हे मला कुणी सांगितलं नव्हतं.

एका रविवारी माझ्या उभ्या गाडीत बसलो होतो. चावी खिशात. सहज ॲप उघडलं, तर इंजिन फिरतंय. साडेआठशे फेरे, तापमान नव्वद. मी डॅशबोर्डला हात लावून बघितला, थरथर नाही. कान लावला, आवाज नाही. चावी खिशात आहे का ते दोनदा बघितलं. मग आकडे वाढले. बाराशे. सोळाशे. वेग बारा किलोमीटर.

गाडी जागेवर आणि मोबाईलवर ती फिरायला निघालेली. मी हँडब्रेक ओढला. आधीच ओढलेला होता, अजून ओढला.

तेवढ्यात मोबाईलवर 'संपर्क तुटला' आलं आणि मी मान वर केली. शेजारी उभी असलेली काकांच्या मुलीची गाडी गेटमधून बाहेर वळत होती. काका ती धुऊन घरी घेऊन चालले होते. त्यांची डबी तिला लावलेलीच होती.

फोन करून सांगितलं, तर म्हणाले, "बरं झालं, माझ्या मागे कुणीतरी लक्ष ठेवून होतं."

*

काकांच्या मुलीची ही गाडी कशी आली, त्याची वेगळी गोष्ट आहे.

प्रज्ञा कल्याणला नोकरी करते. त्यांच्या घरातली ही पहिली चारचाकी. काकांच्या बायकोने आधीच ठरवून टाकलं होतं की गाडी आली की पहिल्यांदा चैत्यभूमीला जायचं. प्रज्ञाला उल्हासनगरमध्ये एक जुनी गाडी आवडली. रंग आवडला, आतलं सीट कव्हर आवडलं, विकणाऱ्याचं बोलणं तर फारच आवडलं. "फॅमिली यूज्ड है मॅडम, एक लाईट भी नहीं जली आज तक." काका, काकू, प्रज्ञा आणि मी, असे आम्ही चौघं गेलो होतो. प्रज्ञाचं मनातल्या मनात गाडीला नाव ठेवून झालं होतं, हे तिच्या चेहऱ्यावर दिसत होतं.

काकांनी डबी लावली. एकही कोड नाही. विकणारा हसला. काका पुढची पानं उघडत गेले. एका ठिकाणी थांबले.

गाडीतले जुने कोड कुणी पुसले, तर पुसल्यापासून गाडी किती किलोमीटर चालली हे गाडी लक्षात ठेवते. तिथे लिहिलं होतं, दोन.

काकांनी आवाज न चढवता विचारलं, "आज सकाळी गाडीला कुठल्या डॉक्टरकडे नेऊन आणलंत?"

"क्या मतलब?"

"दोन किलोमीटरपूर्वी कुणीतरी हिचं तोंड बंद केलंय. मला फक्त जागा सांगा. मी त्यांनाच विचारतो, ती काय बोलत होती."

माणूस म्हणाला सर्व्हिसिंग केलं, मग म्हणाला बॅटरी बदलली, मग त्याला कुणाचा तरी फोन आला आणि तो लांब जाऊन बोलायला लागला. आम्ही रिक्षाने परत आलो. बुवापाड्याच्या नाक्यावर उतरल्यावर प्रज्ञा म्हणाली, "पप्पा, रंग चांगला होता."

"चांगला होता," काका म्हणाले. "त्याचा कोड येत नाही."

दीड महिन्याने त्यांनी दुसरी घेतली. तिच्यात दोन कोड होते. विकणाऱ्याने आधीच सांगितले होते.

*

आम्हाला लागणारे पार्ट आम्ही उल्हासनगरला हरेशभाईंकडून आणतो. सिंधी माणूस, लहानसं दुकान, मराठी आमच्याइतकंच बोलतात, फक्त चिडले की हिंदीत जातात. ह्या डब्या घरोघरी झाल्यापासून ते बरेचदा हिंदीत असतात.

कारण लोक आता पार्ट मागत नाहीत, कोड मागतात. एकदा आम्ही काउंटरवर असताना एक गृहस्थ आले. मोबाईल पुढे करून म्हणाले, "हे द्या."

हरेशभाईंनी वाचलं. कोडचा अर्थ होता, इंजिनात कुठेतरी ठोका चुकतोय, कुठे ते नक्की नाही.

"हे म्हणजे काय देऊ?"

"जे लिहिलंय ते. ओरिजिनल द्या, डुप्लिकेट नको."

"साई, ये पार्ट नहीं है, ये तकलीफ है."

"असेल ना तुमच्याकडे?"

हरेशभाईंनी मोबाईल परत केला. "मेरे पास बहुत है. लेकिन बेचने के लिए नहीं है."

गृहस्थ दुसऱ्या दुकानात गेले. काका त्यांच्या मागून गेले आणि दहा मिनिटांनी त्यांना परत घेऊन आले. चार स्पार्क प्लग घेतले, आमच्या समोर रस्त्यातच बदलले, आणि ठोका बरोबर पडायला लागला. हरेशभाईंनी चहा मागवला.

*

आता एक गोष्ट, जी मी रविवारी कुणाला सांगत नाही. पण इथे सांगतो.

आमच्या बिल्डिंगमध्ये भोईर राहतात. सख्ख्या भाचीचं लग्न होतं, मुरबाडच्या बाजूला गावात. आदल्या दिवशी संध्याकाळी माझ्याकडे आले. "साळवी, तो पिवळा दिवा लागलाय. तेवढा घालवा ना. बायको म्हणते असल्या गाडीने येणार नाही."

काका त्या दिवशी पुण्याला होते. पण आता मीही जाणकार झालो होतो. डबी लावली. एक कोड आला. वाचला असता तर कळलं असतं. पण भोईर घाईत, त्यांची बायको बॅगा भरत खिडकीतून बघतेय, आणि मला तो दिवा बघवत नाही. तो कुणाचाही असो, मला बघवत नाही. मी 'पुसा' दाबलं. दिवा गेला. भोईरांनी माझा हात हातात घेतला.

कोड रेडिएटरच्या पंख्याचा होता. हे ॲपने जपून ठेवलं होतं, मी दुसऱ्या दिवशी बघितलं. मोकळ्या रस्त्यावर वारा लागतो तोवर पंखा नसला तरी भागतं. लग्नसराईच्या गर्दीत एका फाट्यावर अर्धा तास गाडी रांगेत उभी राहिली आणि इंजिन तापून बंद पडलं.

मुहूर्त दुपारचा होता. नवरीला बोहल्यावर मामा आणतो. मामा फाट्यावर बॉनेटमधून निघणाऱ्या वाफेसमोर उभा होता. फेटा बांधलेला. शेवटी भोईर कुणाच्या तरी मोटरसायकलवर बसून गेले. पोहोचले तेव्हा अक्षता पडून गेल्या होत्या. दूरचा एक चुलत मामा तिला घेऊन आला होता.

सोमवारी मी भोईरांच्या दारात गेलो. मला वाटलं ते ओरडतील. ओरडले असते तर बरं झालं असतं. त्यांनी मला आत बसवलं, पाणी दिलं.

"तुमची काय चूक," ते म्हणाले. "तुम्ही दिवा विझवलात, मला वाटलं झालं."

मी काकांना सगळं सांगितलं. पुढच्या रविवारी येऊन त्यांनी भोईरांचं इंजिन उघडलं आणि सहा रविवार मी त्यांच्या हाताखाली होतो. गाडी चालू झाली. भोईरांची भाची पहिल्यांदा माहेरी आली तेव्हा तिला आणायला भोईर तीच गाडी घेऊन गेले. मला म्हणाले चला, मी गेलो नाही.

तेव्हापासून मी कोड वाचल्याशिवाय पुसत नाही. बऱ्याचदा वाचूनही पुसत नाही.

*

गेल्या हिवाळ्यात काकांना बदलापूरहून फोन आला. कुळगावातल्या सुरेखा मॅडम. प्रज्ञाला लहानपणी शिकवलेलं, पुढे त्यांची बदली तिकडच्या शाळेत झाली. त्यांचे मिस्टर जाऊन दीड वर्ष झालं होतं. त्यांची गाडी विकायची होती, पण गिऱ्हाईक म्हणत होतं की दिवा लागलाय, आधी दाखवून घ्या. काकांबरोबर मीही गेलो.

गाडी बिल्डिंगखाली कव्हर घालून उभी होती. मॅडम दर रविवारी दहा मिनिटं इंजिन चालू ठेवायच्या, बॅटरी जाऊ नये म्हणून. जागची हलवली नव्हती. त्यांना चालवताच येत नव्हती.

काकांनी डबी लावली. "किरकोळ आहे," ते म्हणाले. "एका सेन्सरचा हीटर गेलाय. गाडीला धोका नाही. कधीपासून आहे दिवा?"

"मला काय कळतं. हे असताना नव्हता. म्हणजे, त्यांनी कधी सांगितलं नाही."

काकांनी पुढचं पान उघडलं. दिवा लागल्यापासून गाडी किती चालली, तेही दिसतं. "सहा किलोमीटर," ते म्हणाले. "मधे कुणी नेली होती का?"

"नाही. हॉस्पिटलमधून दिरांनी आणून लावली, ती शेवटची."

मग त्यांनी सांगितलं. त्या दिवशी सकाळी त्या शाळेत गेलेल्या. घरी मिस्टरांच्या छातीत दुखायला लागलं. त्यांनी कुणालाच फोन केला नाही, स्वतः गाडी काढून हॉस्पिटलला गेले, पायऱ्या चढून आत गेले. दुपारपर्यंत संपलं.

"सगळे म्हणतात, घाबरून सुसाट गेले असतील," मॅडम म्हणाल्या. "एकटे. दीड वर्ष माझ्या डोळ्यांसमोर तेच येतं."

काकांनी विचारलं, "हॉस्पिटल इथून किती?"

"पाच किलोमीटर."

मला हिशेब कळला. परत आणताना पाच. राहिला एक. म्हणजे दिवा लागला तेव्हा गाडी मिस्टर चालवत होते.

"मॅडम," काका म्हणाले, "दिवा ज्या क्षणी लागतो, त्या क्षणाचे आकडे गाडी जपून ठेवते. वेग वगैरे. बघायचंच असं काही नाही."

"दाखवा."

त्यांनी मोबाईल त्यांच्या हातात दिला आणि बोटाने एकेक ओळ दाखवली. वेग चौतीस. इंजिन दीड हजार फेऱ्यांवर. ॲक्सिलरेटर जेमतेम दाबलेला.

"ह्याचा अर्थ काय?"

"बहुतेक तिसऱ्या गिअरमध्ये, हळू. भाजी आणायला जातो तसं."

"सुसाट नाही?"

"त्या क्षणी तरी नाही."

"घाबरले होते का?"

"ते ह्यात येत नाही, मॅडम."

मॅडमनी मोबाईल हातातच ठेवला. पडदा विझायला लागला की अंगठा लावून परत उजळवायच्या. मग म्हणाल्या, "म्हणजे हॉस्पिटलच्या एक किलोमीटर अलीकडे."

"साधारण."

"तिथे आमची शाळा आहे."

मी गाडीचं कव्हर उचलून त्याची घडी घालायला लागलो.

"हॉर्न वाजवला का, ते ह्यात दिसतं?" मॅडमनी विचारलं.

"नाही."

त्यांनी मोबाईल काकांना परत दिला.

"नसेलच वाजवला," त्या म्हणाल्या. "वर्ग चालू असताना ते कधीच वाजवायचे नाहीत."